लडाख, स्पिती आणि थरचं वाळवंट: स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नवी गाडी दारात आली की पहिला फोन ॲक्सेसरीवाल्याला जातो आणि दुसरा आमच्यासारख्या, चार वेळा जाऊन आलेल्या माणसाला. क्रम उलटा हवा. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून स्वतःची गाडी घेऊन डोंगरात किंवा वाळवंटात जाणारे जे जे विचारतात, ते इथं एका जागी आणलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण लोक घोळ घालतात तो तिथंच.

लडाखला जायला फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) लागतेच का?

नाही. श्रीनगर-लेह आणि मनाली-लेह हे दोन्ही रस्ते बहुतेक डांबरी आहेत आणि सीमा सडक संघटना ते राबता ठेवते. अल्टो जाते, ॲक्टिव्हा जाते, दूधवाल्याचा पिकअपही जातो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीकडून जाताना रोहतांगचा चिखलही टळतो. बऱ्यापैकी ग्राउंड क्लिअरन्स, चांगले टायर, ठणठणीत ब्रेक आणि क्लच एवढ्यावर जून ते सप्टेंबर आरामात भागतं.

फोर बाय फोरचा खरा उपयोग स्पितीच्या वाटेवरच्या ग्राम्फू ते बातल या दगडगोट्यांच्या पट्ट्यात, नव्या बर्फात, दुपारी फुगलेल्या नाल्यात आणि वाळूत. तिथंही ती अडकण्यापासून वाचवतेच असं नाही. पुष्कळदा फक्त आणखी आत नेऊन अडकवते.

थार, जिम्नी की गुरखा?

या प्रश्नावरून मित्रामित्रांत अबोला झालेला पाहिला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जिम्नी जेमतेम बाराशे किलोची, त्यामुळं वाळूत सर्वांत सुखी. पण इंजिन साधं पेट्रोल, विनाटर्बो, म्हणजे हवा दाबून न भरणारं. खिंडीत धापा टाकते. नाशिकला बनणारी थार वजनानं जड, पण टर्बोमुळं उंचीवर तिची ताकद फारशी उतरत नाही. ६५० मिलिमीटर पाण्यातून ती जाऊ शकते असं कंपनी सांगते. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शिअल लॉकसह (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) आणि स्नॉर्कलसह (इंजिनला वरून हवा देणारी उंच नळी) कंपनीतूनच येते, म्हणजे मॉडिफिकेशनचा अर्धा खर्च आणि आरटीओची सगळी कटकट वाचते. मात्र हायवेवर पुण्याहून लेहपर्यंतचे साधारण २४०० किलोमीटर तिच्यात बसून जायचे आहेत, हेही लक्षात घ्या. दारात जी गाडी आहे ती बदलू नका, हा माझा सल्ला.

पहिला खर्च कशावर करू?

टायर, हवा मोजायचा चांगला गेज, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, पंक्चर किट आणि ओढून काढायचं सामान. याच क्रमानं. एवढं झाल्यावर पैसे उरले तर ते डिझेलला ठेवा.

टायरमध्ये तीन जाती: एचटी म्हणजे रस्त्याचे, एटी म्हणजे सगळीकडचे, एमटी म्हणजे चिखलाचे. आपल्याकडं फोटोत एमटी रुबाबदार दिसतात म्हणून घेतले जातात. मग ते हायवेवर अख्खा दिवस घोंघावतात, ओल्या डांबरावर घसरतात आणि वाळूत त्यांची खोल नक्षी गाडीला वर उचलण्याऐवजी खाली खणते. या सहलींना एटी पुरे. स्टेपनीही त्याच मापाची आणि त्याच दर्जाची हवी. लडाखच्या धारदार खडीवर साइडवॉल कापली की पंक्चर किटचा काही उपयोग नसतो.

कॉम्प्रेसर घेताना थेट बॅटरीला चिमटे लावायची सोय असलेला घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप चार मोठे टायर भरताना फ्यूज उडवतात किंवा तिसऱ्या टायरला तापून बंद पडतात.

लिफ्ट किट आणि मोठे टायर लावल्यावर गाडी जास्त सक्षम होते ना?

थोडी होते, आणि त्या थोड्याची किंमत बऱ्याच ठिकाणी मोजावी लागते. गाडी दोन इंच उचलली की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, स्टीअरिंग सैलावतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. वाळूच्या उतारावर किंवा स्पितीच्या कडेकडेच्या रस्त्यावर हा वर सरकलेला गुरुत्वमध्य तुमच्या बाजूचा नसतो.

टायरचं गणित घरी करून बघा. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५. त्याचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. त्याजागी २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दीड टक्का फरक. गाडीला कळतही नाही. २३५/७५ आर १५ घेतला तर ७३३, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. आता काटा १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०६ नं जात असाल. शिवाय प्रत्येक गिअर सहा टक्के उंच झाला, म्हणजे चढावर ज्या ताकदीची टंचाई आहे तीच तुम्ही आणखी कमी केली. वर जड चाक थांबवायला ब्रेक मात्र जुनेच.

एका ओळखीच्या गाडीला इथल्याच एका गॅरेजनं लिफ्ट किट बसवली आणि ब्रेकच्या रबरी नळीची लांबी तपासलीच नाही. पुढचं चाक खड्ड्यात पूर्ण खाली गेलं की ती नळी ताणून पांढरी पडायची. सुदैवानं घाटात न जाता पंक्चरवाल्याच्या जॅकवरच ते दिसलं. लिफ्ट केलेली गाडी ताब्यात घेताना चारही चाकं हवेत लोंबकळत ठेवून नळ्या, एबीएसच्या वायरी आणि शाफ्टचे बूट टॉर्च मारून बघा. गॅरेजवाला कंटाळला तरी बघा.

छतावरच्या कॅरिअरचंही तेच. वर जेरीकॅन, स्टेपनी, तंबू आणि फावडं रचलं की फोटो झकास येतो, पण नाकापेक्षा मोती जड. जड वस्तू आत, खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून बांधा.

आरटीओ, पोलीस आणि विमा यांचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘दर बदलामागं’ हे शब्द नीट वाचा. बुलबार, मोठे टायर आणि कर्कश सायलेन्सर हे तीन बदल झाले.

बुलबारवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. कारण साधं आहे. समोरून आदळताना गाडीचा पुढचा भाग चेपायला हवा आणि एअरबॅगच्या सेन्सरला धक्का कळायला हवा; लोखंडी कठडा या दोन्हींत आडवा येतो. पायी चालणाऱ्याला त्याचा मार लागतो तो वेगळाच. तरीही दर दहावी गाडी तो मिरवत फिरते आणि पहिल्या मोठ्या नाक्यावर हात दाखवून अवलक्षण करून घेते.

छतावरची एलईडी पट्टी सार्वजनिक रस्त्यावर पेटवू नका. घाटात समोरच्या ट्रकवाल्याला आंधळं केलंत तर तो तुमच्याच अंगावर येईल.

विम्याच्या बाबतीत, जे काही बदललं असेल ते विमा कंपनीला लेखी कळवा. इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्या. पाणी शिरून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा मिळत नाही.

स्नॉर्कल लावली की खोल पाण्यात जाता येतं का?

इंजिन श्वास वरून घेईल. पण दार, गालिचा, अल्टरनेटर, गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा जायच्या नळ्या) आणि तुम्ही स्वतः पाण्यातच असाल. वाळवंटात तिचा जास्त उपयोग होतो: पुढच्या गाडीनं उडवलेल्या धुळीच्या वरची त्यातल्या त्यात स्वच्छ हवा इंजिनला मिळते आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. स्नॉर्कल नसेल तर वाळूतल्या प्रत्येक दिवसानंतर फिल्टर काढून झटका.

विंच (अडकलेली गाडी तारेनं ओढणारं यंत्र) घेऊ का?

एकटे फिरणार नसाल तर नको. विंच, तिची तार आणि ती धरणारा बंपर यांचं वजन पुढच्या ॲक्सलवर पडतं, आणि थरच्या वाळवंटात ती अडकवायला झाडच नसतं. सोबत दुसरी गाडी असणं ही सर्वांत चांगली विंच.

दुसऱ्या गाडीनं ओढायचं तर दोन्ही गाड्यांना चेसिसवर पक्के बसवलेले हुक हवेत. ट्रेलरचा बॉल वापरू नका, आणि कंपनीनं गाडी ट्रकवर बांधायला दिलेली पातळ कडीही नाही. हे तुटून गोळीसारखे सुटतात. दोरावर मधोमध जाडजूड गोधडी किंवा ओली ताडपत्री टाका, म्हणजे तुटला तर खाली पडेल. बाकी सगळ्यांनी दोराच्या दीडपट लांब उभं राहायचं. मोबाइल घेऊन मध्ये शूटिंग करणारा मेहुणा आधी बाजूला करा.

वाळूत टायरमध्ये हवा किती ठेवायची?

रस्त्यावर ३० ते ३३ पीएसआय असते. वाळूत जिम्नीसारख्या हलक्या गाडीला १४-१५, थारसारखीला १६ ते १८. हवा काढली की टायर पसरट होण्यापेक्षा लांबट होतो, वाळूवरचा त्याचा ठसा वाढतो आणि गाडी रुतण्याऐवजी तरंगत जाते. हजारो रुपयांच्या कुठल्याही मॉडिफिकेशननं जो फरक पडत नाही तो या फुकटच्या कामानं पडतो. वॉल्व्हची पिन काढून, गेज लावून, चारही टायर एकसारखे करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. लोक तेवढ्याचाच कंटाळा करतात आणि मग दोन तास खणतात.

हवा कमी असताना वेग चाळीसच्या आत ठेवा आणि स्टीअरिंग झटक्यानं वळवू नका, नाहीतर टायर रिममधून निसटतो. साध्या रिमवर बाराच्या खाली जायचं ते फक्त अडकल्यावर, आणि फक्त बाहेर निघेपर्यंत. डांबरावर परत चढण्याआधी हवा भरायची. ‘पुढच्या गावात भरू’ म्हणालात तर साइडवॉल तापून फाटते.

वाळूची टेकडी चढायची कशी?

आधी पायी चढून पलीकडं काय आहे ते बघा. वाऱ्याच्या बाजूचा उतार मंद आणि घट्ट असतो, पलीकडचा एकदम तुटलेला आणि भुसभुशीत. फोर बाय फोर लावा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर वाळूत चाक फिरलं की संगणक घाबरून इंजिनची ताकदच कापतो. सरळ चढा, सरळ उतरा. तिरकं कधीच जाऊ नका. गाडी आडवी झाली की कलंडते. ती आडवी होऊ लागलीच तर पुढची चाकं उताराकडं वळवा आणि थोडा ॲक्सिलरेटर द्या. मन उलट सांगतं, पण ब्रेक दाबणारे उलटतात.

अर्ध्यात दम संपला तर वळायला जाऊ नका. रिव्हर्स टाकून आलेल्या चाकोरीतूनच सरळ मागं या. माथ्यावर पोचताना वेग सोडा. मागून येणाऱ्यानं पुढची गाडी पलीकडं उतरून मोकळी झाल्याशिवाय सुटायचं नाही. अँटेनाला उंच काठीवर झेंडा लावतात तो हौसेसाठी नसून टेकडीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी माथा गाठणाऱ्या गाड्यांना एकमेकींचा पत्ता लागावा म्हणून.

थांबायची वेळ आली तर ब्रेक न मारता गाडी आपसूक थांबू द्या आणि तोंड उताराकडं ठेवा. ब्रेक मारला की चाकांपुढं वाळूचा बांध तयार होतो, आणि निघताना घोडं तिथंच अडतं. सकाळची गार वाळू दुपारच्या तापलेल्या वाळूपेक्षा घट्ट असते. शिकायचं ते सकाळी.

गाडी रुतली. आता?

पहिलं काम पाय ॲक्सिलरेटरवरून काढणं. चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हातानं खड्डा खणताय. काही सेकंदांत गाडी पोटावर बसते आणि मग चाकांवर भारच राहत नाही.

उतरा. वाकून खाली बघा. डिफचा, म्हणजे ॲक्सलमधल्या डिफरन्शिअलचा, गोळा किंवा चेसिस वाळूला टेकली आहे का? टेकली नसेल तर हवा आणखी दोन-तीन पीएसआय काढा, चाकांपुढची वाळू उताराच्या आकारात फावड्यानं ओढा, आणि आलात त्याच दिशेनं, बहुधा रिव्हर्सनं, हळूच निघा. दहांतल्या सात गाड्या एवढ्यावर सुटतात.

टेकली असेल तर खरं काम सुरू. पोटाखालची वाळू मोकळी करायची. फावड्याचा दांडा लांब हवा, नाहीतर पालथं झोपून हातानं उकरावं लागतं. जॅक लावायचा तर खाली फूटभर रुंदीची जाड प्लायवूड ठेवा. नुसता जॅक वाळूत गाडीऐवजी स्वतः खाली जातो. ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या) टायरच्या अगदी दाताखाली, तिरके ठोकून बसवा, आणि गाडी त्यावर चढेपर्यंत चाक जराही फिरू देऊ नका. तापलेला टायर बोर्डचे प्लास्टिकचे दात वितळवून टाकतो. बोर्ड नसतील तर गाडीतल्या रबरी मॅट चालतात. त्या मागं उडतात, म्हणून मागं कोणी उभं राहायचं नाही.

बाहेर निघाल्यावर माणसं घ्यायला लगेच थांबू नका. घट्ट जमीन येईपर्यंत जा, बाकीचे चालत येतील.

राजस्थानात गाडी नेमकी कुठं घालता येते?

पुण्याहून जैसलमेर साधारण १२०० किलोमीटर, अहमदाबाद-बाडमेरमार्गे. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरचं सम आणि नैऋत्येचं खुरी या दोन ठिकाणी वाळूच्या टेकड्या आहेत आणि तिथं स्थानिक जीपवाले रोज पर्यटकांना फिरवतात. पहिल्या दिवशी त्यांच्यातल्या एखाद्याला पैसे देऊन आपल्या गाडीत शेजारी बसवा. वाळूचा रंग बघून ‘इथं नको’ म्हणणारा माणूस कुठल्याही ॲपपेक्षा उपयोगी. त्याच्यासमोर आपण उंटावरचे शहाणे.

जिथं वाळू दिसेल तिथं घुसायचा परवाना मात्र कोणी दिलेला नाही. या भागात ३,१६२ चौरस किलोमीटरचं मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य करूनही आपण तो जवळजवळ गमावला. राजस्थानात उरलेत तेही फार थोडे. तो जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. उद्यानात चाकोरी सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि नसता तरी केला नसता. ओरण म्हणजे देवासाठी राखलेलं रान आणि खडीन म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेलं शेत. उन्हाळ्यात दोन्ही ओसाड माळ वाटतात, पण गावाचा जीव त्यात असतो. ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, उतरून विचारलं की लोक वाट सांगतात, वर चहा पाजतात.

तनोट आणि लोंगेवालाचे रस्ते डांबरी आहेत. त्यापलीकडं सीमा सुरक्षा दल जे सांगेल ते.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १९ मे २०१६ रोजी याच राज्यात फलोदीला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. उन्हाळ्यात अडकलेली गाडी ही थट्टेची गोष्ट नाही. दर माणशी दर दिवशी किमान पाच लिटर पाणी, आणि रेडिएटरसाठीचं वेगळं. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. आणि बूट घालण्याआधी झटका. फुरसं तिकडंही आहे.

कच्छच्या रणात गाडी चालवता येईल?

रस्त्यावर, हो. पांढऱ्या मिठावर, नको. वरचा थर कडक दिसतो, खाली काळा चिखल असतो. त्यात बसलेली गाडी ट्रॅक्टरही सहज काढू शकत नाही, आणि खाऱ्या चिखलानं पुढच्या पावसाळ्यापर्यंत चेसिस गंजायला लागते.

उंचीवर गाडीला काय होतं?

खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. पाटीवर वर्षानुवर्षं याहून बराच मोठा आकडा रंगवलेला होता, तो विसरा. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. उमलिंग ला तर ५,७९८ मीटर. विनाटर्बो इंजिनाची चाळीस-पंचेचाळीस टक्के ताकद अशा ठिकाणी गायब होते. गिअर लवकर उतरवा, इंजिन फिरतं ठेवा, क्लचवर गाडी तोलू नका. चढावरच्या वळणात क्लच जळल्याचा वास आला की दहा मिनिटं थांबा. लो रेंजचा (फोर बाय फोरमधल्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरचा) खरा फायदा इथं आहे: हळू चढता येतं आणि उतरताना ब्रेक न तापवता इंजिनच गाडी धरून ठेवतं.

टायरची हवाही बदलते. बाहेरचा दाब घटला की गेज तेवढाच वर सरकतो. पुण्यात ३२ भरलेली हवा तापमान तेच राहिलं तर लेहमध्ये सुमारे ३६ दाखवेल. थंडीनं दर दहा अंशांमागं एखादा पीएसआय परत उतरतो. चिप्सची पाकिटं तिथं फुगतात तीही बाहेरचा दाब घटल्यामुळंच. म्हणून लेहला सकाळी गार टायरवर मोजून जादा हवा काढा, आणि परतीच्या वाटेवर चंडीगडला भरायला विसरू नका.

आणि माणसाला?

गाडीपेक्षा जास्त होतं, आणि याचा विचार सर्वांत कमी लोक करतात. रेग्युलेटर, रिले, रूफटॉप तंबू यांवर महिनाभर चर्चा चालते. रोज कुठं झोपायचं हे मात्र मनालीत पोचल्यावर ठरतं.

नियम असा: तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आता मार्ग बघा. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६८० च्या आसपास, लेह ३,५००. शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. मनाली सुमारे २,००० आणि लोकांचा लाडका मुक्काम सरचू ४,२९० च्या घरात. एका दिवसात दुपटीहून जास्त उंची, आणि रात्रभर तंबूत डोकं धरून बसणं. त्यामुळं जाताना श्रीनगर, येताना मनाली. मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पा किंवा केलाँगला एकाऐवजी दोन रात्री काढा आणि सरचू न थांबता ओलांडा. स्पितीलाही तसंच: जाताना सिमला-कल्पा-नाको-काझा, उतरताना कुंझुम.

लेहला पहिले दोन दिवस काही करायचं नाही. खरंच काही नाही. पाणी प्या, दारू नको. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं इथवर विश्रांतीनं निभावतं. पण बसल्याजागी धाप लागणं, छातीत घरघर, चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी खाली उतरवा. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांचा असतो. त्याच्या भरवशावर वर जाणं चूक. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नव्हे.

लहान मुलं, आई-वडील बरोबर असतील तर?

लेह, नुब्रा आणि परत. हानले, उमलिंग ला पुढच्या वेळी, त्यांच्याशिवाय.

नाला कसा पार करायचा?

सकाळी. हे पाणी पावसाचं नसून वितळत्या बर्फाचं असतं, म्हणून ऊन चढलं की ते वाढत जातं आणि पहाटे सर्वांत कमी असतं. पँगाँगच्या वाटेवर एका नाल्याचं नावच पागल नाला आहे. दुपारी त्याला ते शोभतं.

समोरून एखादी गाडी येईपर्यंत थांबा आणि तिचं चाक कुठवर बुडतंय ते बघा. पाणी गढूळ, वेगवान आणि गुडघ्याच्या वर असेल तर सोडून द्या. जायचं ठरलं तर पहिला गिअर किंवा लो रेंज, एकसारखा मंद वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. गोट्यांमध्ये चाक अडकलं तर स्टीअरिंग थोडं डावी-उजवीकडं हलवून वाट शोधा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पलीकडं गेल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून वाळवा. आणि त्या रात्री हँडब्रेक ओढून झोपू नका. ओले लायनर थंडीत ड्रमला चिकटून गोठतात आणि सकाळी गाडी जागची हलत नाही. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

पेट्रोल-डिझेलचं नियोजन?

मनाली-लेह वाटेवर टंडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी बऱ्याच जणांनी फोटोत पाहिली असेल. मध्ये काही मिळेल हे गृहीत न धरता तिथं टाकी काठोकाठ भरा. जिम्नीची टाकी ४० लिटरची. चढावर ॲव्हरेज पडतं हे धरूनही ती लेहच्या अलीकडच्या कारूपर्यंत पोचते, पण वळून कुठं जायला फारसं उरत नाही. जादा इंधन न्यायचंच तर लोखंडी जेरीकॅनमध्ये, वरून थोडी जागा रिकामी सोडून. पाण्याच्या प्लास्टिक कॅनमधलं पेट्रोल उंचीवर फुगतं आणि गळतं.

डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं. त्यासाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखात उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं. हिवाळ्यात जाणार असाल तर खालचं डिझेल संपत आणून वर भरा. जुने ड्रायव्हर रॉकेल मिसळायला सांगतील. बीएस ६ गाडीत तो प्रयोग नको. डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) लागणारी गाडी असेल तर पाच-दहा लिटर बरोबर ठेवा, ते वरती सगळीकडं मिळत नाही.

कूलंटचं आपल्याकडं दुर्लक्ष होतं. महाराष्ट्रात पातळी कमी झाली की नळाचं पाणी ओततात आणि वर्षानुवर्षं ते खपून जातं. सरचूच्या रात्री ते खपणार नाही. निघण्याआधी सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरून घ्या.

परवाने, मोबाइल, भाड्याची गाडी?

नुब्रा, पँगाँग, हानले या भागांसाठी पर्यावरण शुल्क भरून ऑनलाइन पावती घ्यावी लागते. नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. पाच-सहा छापील प्रती ठेवा, चौकीवर नेट नसतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड न्या. बाहेरून आणलेली सेल्फ ड्राइव्ह भाड्याची गाडी लेहच्या पुढं स्थलदर्शनाला स्थानिक टॅक्सीवाले फिरू देत नाहीत. ‘मित्राची गाडी आहे’ ही सबब त्यांनी हजारदा ऐकलेली आहे.

पँगाँगच्या पाण्यात किंवा नुब्रातल्या हुंडरच्या वाळूत गाडी घालून रील केलं तर?

हुंडरच्या वाळूत गाडी घालणाऱ्या एका पर्यटकाकडून २०२२ मध्ये ५०,००० रुपये वसूल झाले. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला वाहतूक कोंडी चुकवायला चंद्रा नदीतून थार नेणाऱ्यावर पोलिसांनी चलान फाडलं, तेही व्हायरल झालेल्या व्हिडिओवरून. रील करायचं म्हणजे पुरावा स्वतःच तयार करून द्यायचा आणि वर दंडही भरायचा, असा हा उद्योग.

सराव कुठं करू? कोकणात समुद्रकिनारा आहेच की.

तिथं नको. किनाऱ्यावर गाडी घालायला रायगड-रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत बंदी आहे, गोव्यात थेट गुन्हा दाखल होतो. दर मोसमात एखादी गाडी भरतीत सापडते आणि बैलजोडी, जेसीबी, अख्खं गाव ओढायला लागतं. सह्याद्रीतल्या सड्यांवर आणि कासच्या पठारावरही नको. तिथला मातीचा थर बोटभर आहे आणि फुलं त्यातच उगवतात.

ओळखीच्या शेतकऱ्याची नांगरलेली पडीक जमीन विचारून घ्या, किंवा गाडीच्या कंपनीच्या प्रशिक्षणाला जा. चिखलाची फारच हौस असेल तर गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा भरते. बघायला जा आणि खरे लोक दोर कसा लावतात ते नीट पाहा. घराच्या पार्किंगमध्ये एकदा जॅक लावून स्टेपनी बदला. निम्म्या लोकांना पान्याचा अडॅप्टर कुठं ठेवलाय तेच सापडत नाही.

परत आल्यावर गाडीचं काय?

खालून धुवा, नुसती वरून नव्हे. वाळू स्किड प्लेटच्या वर, चेसिसच्या पोकळीत आणि ब्रेकच्या कव्हरमागं साचते. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर बदला, व्हील अलाइनमेंट करा, रेडिएटरच्या जाळीतले किडे काढा. नाल्यांतून गेला असाल तर दोन्ही डिफ आणि गिअरबॉक्सचं तेल काढून बघा. चहासारखं दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला. आरसी आणि विमा ज्या पाकिटात होते त्यात टोलच्या पावत्याही असतील. त्या फास्टॅगच्या कपातीशी ताडून घ्या, दोनदा कापलेले पैसे तक्रार केली की परत मिळतात.